चाचणीला कोणाचीही हरकत नाही

दुरुस्ती हे अर्धंच काम असतं. उरलेलं अर्धं म्हणजे दुरुस्ती झाली यावर चार शहाण्या माणसांचं एकमत होणं. आमच्या हिर्विलाम्पी गावात हे दुसरं अर्धं 'दुरुस्तीपश्चात करवत-चाचणी सुरक्षा समिती' सांभाळते. मी अकरा वर्षं तिचा सचिव आहे. फिनलंडच्या या जंगलपट्ट्यात माणसांपेक्षा चेनसॉ, म्हणजे साखळीच्या यांत्रिक करवती, जास्त, त्यामुळे समितीला कामाची ददात नाही. आजवर दोनशे बारा चाचण्या झाल्या, हरकती शून्य. म्हणजे सुरक्षिततेचं प्रमाण शंभर टक्के. (बोटांची नोंद वेगळ्या वहीत असते.)

कार्यपद्धती सुटसुटीत आहे. आधी कॉफी. मग चाचणीचा निकाल फॉर्मवर भरायचा. (चाचणीनंतर हात तेलकट होतात, कागद खराब होतो, म्हणून आधीच.) मग अध्यक्ष एन्सियो विचारतात, "कोणाची हरकत?" आणि सगळे नऊ सेकंद गप्प बसतात. आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे होकार. ज्याची हरकत असते तोही गप्पच बसतो, कारण दुसऱ्याच्या कामातली चूक चारचौघांत दाखवणं हे आमच्यात फार वाईट दिसतं. ही पद्धत इतकी सभ्य आहे, की इतर देशांनी ती अजून का उचलली नाही कळत नाही.

गेल्या मंगळवारी म्हाताऱ्या कालेर्वोची करवत चाचणीला आली. वादळात त्याच्या साउनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, दारावर बर्चचं झाड आडवं झालं होतं, आणि शनिवारपासून त्याला अंघोळ नव्हती. (हे समितीला सांगावं लागलं नाही.) दुरुस्ती केली होती ओर्वोक्कीनं. ओर्वोक्की गावातली एकुलती एक मेकॅनिक, आणि माझी मेहुणी. बाईचा हात सोन्याचा. फक्त करवतीच्या ब्रेकची स्प्रिंग आत बसवायची राहिली होती आणि टेबलावर कॉफीच्या थर्मासमागे पडली होती.

ही स्प्रिंग नसेल तर ब्रेकचा पुढचा दांडा ढकलल्यावर टक् असा समाधानकारक आवाज होतो, पण साखळी फिरतच राहते. ओर्वोक्की थर्मासच्या अलीकडे बसली होती. पलीकडे आम्ही सहा जण. सहाही जणांनी स्प्रिंग पाहिली. एन्सियोंना वाटलं, महत्त्वाची असती तर कालेर्वो बोलला असता, करवत त्याची आहे. कालेर्वोला वाटलं, आपण बोललो तर ती पुन्हा सगळं उघडून बसेल आणि अंघोळ आणखी लांबेल. मला बोलावंसं वाटलं, हे मी कबूल करतो. पण सचिवाचं काम बोललेलं लिहून घेणं. आणि कोणी बोललंच नाही.

"कोणाची हरकत?"

नऊ सेकंद. एन्सियोंनी तर त्या दिवशी अकरा सेकंद दिले.

ओर्वोक्की अंगणात गेली, आम्ही बाहेर बाकावर बसलो. हेल्मेट, कानावर टोपणं, सगळं नियमाप्रमाणे. दोरी ओढली, भरपूर रेस दिली, मनगटानं दांडा ढकलला. टक्. फॉर्मवर 'ब्रेक उत्तम' असं तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, त्यामुळे शंका घ्यायचं कारणच नव्हतं. तिनं निश्चिंतपणे करवत पायाशी आणली आणि उजव्या बुटाचं टोक कापलं गेलं.

ते उडून कालेर्वोच्या मांडीवर पडलं.

आम्ही धावलो. मला रडू फुटायच्या बेतात होतं. पण आमच्याकडे लोकरीचे दोन-दोन मोजे मावावेत म्हणून रबरी बूट दोन नंबर मोठे घेतात. पाचही बोटं जागेवर होती, आणि बाहेरच्या वाऱ्यात थोडी चकित झाल्यासारखी दिसत होती.

"मोजा नवीन होता," ओर्वोक्की म्हणाली. चेहरा पांढराफटक. मग टोपणं काढून आम्हा सगळ्यांकडे बघत म्हणाली, "ब्रेक लागलाच नाही! अरे, तुम्ही समोर बसला होतात. कोणाला काही दिसलं होतं का?"

नऊ सेकंद गेले.

"अगं, फॉर्मवर उत्तम लिहिलंय," एन्सियो शेवटी म्हणाले. "तूच लिहिलंस ना?"

"लिहिलं खरं," ती पुटपुटली. "माझाच पाय वेडावाकडा पडला असेल."

"मग माझं झाड?" कालेर्वोनं बुटाचं टोक तिला अदबीनं परत करत विचारलं.

"चल, आधी कॉफी घेऊ," एन्सियो म्हणाले. त्यांनी थर्मास उचलला, कप भरले, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून थर्मास पुन्हा स्प्रिंगच्या पुढे, होता तिथेच, ठेवला. अशी माणसं अध्यक्ष उगाच होत नाहीत.

चौकशी त्याच बैठकीत पूर्ण झाली. निष्कर्ष: मोठ्या बुटांनी जीव वाचवला. शिफारस: यापुढे दोनऐवजी चार नंबर मोठे बूट. तसे बूट घालून त्याच करवतीची फेरचाचणी गुरुवारी सकाळी दहाला आहे. ओर्वोक्कीनं नवे मोजे घेतलेत.

हरकती बुधवारपर्यंत स्वीकारल्या जातील. हा अहवाल वाचणाऱ्या प्रत्येकाला तो हक्क आहे, म्हणजे तुम्हालाही. स्प्रिंग कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. तिला अजून ठाऊक नाही. तुम्ही इथपर्यंत वाचलंत, मध्ये दोन-तीनदा हसलातही, आणि नऊ सेकंद केव्हाच होऊन गेले. संमती देणाऱ्यांच्या यादीत मी तुमचं नाव लिहून घेतलं आहे.