सुदामकाकांचे पाऊल

गेल्या फेब्रुवारीत, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, कापडे गावच्या सुदामकाकांना महाडच्या डॉक्टरांनी सांगितले की त्यांची चाल ही चाल नसून आजार आहे. नसांचा, बापाकडून आलेला. इलाज नाही.

काका आमचे शेजारी. सपाट डांबरी रस्त्यावरही ते उंबरा ओलांडल्यासारखे चालतात. गुडघा वर, मग पाऊल फाटकन खाली. चप्पल पायातून निसटली तरी त्यांना पत्ता नसतो. "कुत्र्यानं नेली," हे ठरलेले उत्तर. कुत्रा असो वा नसो.

गणपतीत आमच्या वाडीत बाल्या नाच होतो, घुंगरू बांधून, रिंगणात. त्यात काकांच्या वडिलांचे असेच उंच उचललेले पाऊल नावाजलेले. काकांनी ते पुढे चाळीस वर्षे वाडीतल्या धडधाकट माणसांना शिकवले. "पाय उचला रे! म्हशी हाव काय?" तीन वर्षे शिव्या खाऊन मीही ते शिकलो.

डॉक्टरांनी विचारले, "घरात आणखी कुणाची चाल अशी आहे?"

"घरात काय, आख्ख्या वाडीची हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. सोबत मी होतो. खुलासा मला करावा लागला.

मग त्यांनी मुलाबद्दल विचारले.

मुलगा महेश मुंबईला असतो. नऊ वर्षांपूर्वी पोलीस भरतीत धावताना तो दोनदा पडला. घरी आला तेव्हा काका अंगणात, चार माणसांसमोर म्हणाले, "नाचात पाय उचलतोस, मैदानात काय झाला? कामचुकार!" दुसऱ्या दिवशीच्या एसटीने महेश गेला. तेव्हापासून बापलेकांचे बोलणे बंद. काकी फोन करायची तेव्हा काका बाजूने म्हणत, "इचार त्याला, चालता येतं का अजून."

मुलाला कळवा, तपासून घेऊ दे, असे डॉक्टरांनी बजावले. काकांनी सहा दिवस घालवले. सातव्या दिवशी मला बोलावले. "तू पेपरात लिवतोस. तूच सांग त्याला."

मी नाही म्हटले. नंबर तेवढा लावून दिला आणि स्पीकर चालू केला.

"महेश, मी बोलतोय."

काका फोनकडे वाकले.

"डाक्टरला पाय दाखव. माझ्या नसा खराब हायत. तुझ्याबी असतील. त्या भरतीत... तुझी चूक नव्हती रे."

"ठाऊक हाय, आबा. मला तपासून सात वर्षं झाली."

"सात? मंग सांगितलं का नाय? माझंबी तवाच कळलं असतं."

"कुणाला सांगू? तू बोलत होतास का?"

काकी उठून आत गेली. काकांनी फोन दोन्ही हातांत धरला. आजार हातांतही उतरला आहे; एका हाताची पकड आता पुरत नाही.

"पाय गार पडतात काय रे?"

"पडतात."

"मोजे घालतोस?"

"दोन-दोन."

"मीबी."

फोन अकरा मिनिटे चालला. गावाला कधी येतोस, हे काकांनी विचारले नाही. महेशनेही सांगितले नाही.