एकमेकांना जोडणारा बाक

माणसं एकत्र आणणं हा माझ्या डाव्या हातचा मळ! हे वाक्य मी नगरपालिकेच्या लोकसहभाग कक्षात, थेट साहेबांसमोर, छाती पुढे काढून बोललो. छाती पुढे काढायचं कारण असं, की मी त्या कक्षात हंगामी होतो आणि साहेब नुकतेच म्हणाले होते, "ती गल्ली एका जागी बसवून दाखव. तुला कायम करतो."

ती गल्ली म्हणजे माझ्या मावशीची गल्ली. तिथे नाना देशांची, नाना भाषांची माणसं. साम्य एकच, कुणाचं कुणाशी पटत नाही! निवृत्त हेडमास्तर समोरच्या शिंप्याशी बोलत नव्हते, कारण त्याने त्यांची पँट एकदा घोट्याच्या वर कापली होती. शिंपी वरच्या मजल्यावरच्या परदेशी नर्सबाईंशी बोलत नव्हता, कारण त्या तयार कपडे घ्यायच्या. नर्सबाई रात्रपाळी करून दिवसा झोपायच्या, त्यामुळे त्यांचा प्रश्नच नव्हता. मावशी मात्र सगळ्यांशी बोलायची. प्रत्येकाशी दुसऱ्याबद्दल.

मी उपाय काढला. गल्लीच्या तोंडाशी एक मोठा गोल बाक!

सुताराने विचारलं, "बसणाऱ्यांची तोंडं आत की बाहेर?"

"बाहेर! समाजाकडे पाठ करून कसं चालेल?"

बाक तयार झाल्यावर कळलं, की त्यावर बसलं की सगळ्यांच्या पाठी एकमेकांकडे होतात आणि कुणालाच कुणाचं तोंड दिसत नाही. मी हिरमुसलो.

"अरे, बेस्ट झालंय," मावशी म्हणाली. "तोंड दिसलं असतं तर कुणी बसलंच नसतं."

उद्घाटनाच्या सकाळी बाक मला जरा निस्तेज वाटला. सुतार डबे ठेवून घरी गेला होता. त्यातला एक डबा उघडला, आत मधासारखं छान पिवळं व्हार्निश! मी सढळ हाताने फासलं. थोड्या वेळाने बोट लावून पाहिलं, बोटाला काही लागलं नाही. म्हणजे वाळलं!

गल्ली आली. मावशीने प्रत्येकाला खासगीत सांगितलं होतं, की दुसरा येणार नाहीये. मास्तर बसले, शिंपी बसला, नर्सबाई जांभया देत बसल्या. मावशी तेवढी उभी राहिली. बसली असती तर सगळीकडे लक्ष कसं राहिलं असतं?

साहेब आले. कुणी उठलं नाही.

"वा! काय रमलेत!" म्हणत साहेब त्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेत बसले आणि त्यांनी विविधतेवर भाषण ठोकलं. भाषण संपलं. साहेब उठायला गेले आणि अर्ध्यातून परत आले.

"अरे, हे काय आहे?"

मी सुताराला फोन लावला.

"व्हार्निश? मी कधी आणलं व्हार्निश?" सुतार म्हणाला. "तो लाकूड चिकटवायचा गोंद आहे. हाताला कोरडा लागतो, पण वर वजन पडलं की धरतो. कुणी बसलं नाही ना?"

"नाही नाही," मी म्हणालो. "तसं अजून कुणी उठलेलं नाही."

गल्लीत हलकल्लोळ! त्यात नर्सबाईंचा आवाज आला, "घाबरू नका. लांब श्वास घ्या. कापड कापावं लागेल."

शिंपी चाट. "तुम्हाला आपली भाषा येते?"

"तुम्ही कधी बोललातच कुठे?"

शिंप्याच्या खिशात कात्री कायमचीच. त्याने आधी स्वतःला सोडवलं, शर्ट कमरेला गुंडाळला आणि मास्तरांमागे उभा राहिला.

"या वेळी तरी नीट माप घे रे," मास्तर कळवळले.

"मास्तर, या वेळी जरा जास्तच वर जाणार आहे."

मास्तर हसले! इतक्या वर्षांचं वैर एका कात्रीत सुटलं. मावशीने धावत जाऊन सगळ्यांना चादरी आणल्या. साहेबांची पाळी आली तेव्हा मात्र हात आखडता घेतला.

"माझ्या चांगल्या चादरी सरकारी कामाला नाहीत!"

शेवटी साहेबांनी कार्यक्रमाचा कापडी फलक काढून कमरेला गुंडाळला. त्यावर लिहिलं होतं, 'चला, एकमेकांना जवळून ओळखू या!' साहेब गाडीकडे वळले तेव्हा मागच्या बाजूला नेमकं 'जवळून ओळखू या!' एवढंच आलं होतं.

गल्ली पहिल्यांदाच एका सुरात हसली. मग गप्प झाली. एक जण मात्र हसतच राहिला, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. साहेबांनी वळून नीट पाहून घेतलं, कोण ते.

बाक अजून तिथेच आहे. मास्तरांच्या पँटीची चौकडी, नर्सबाईंचं पांढरं, शिंप्याच्या पट्ट्या, साहेबांचं करडं, सगळे तुकडे त्यावर गुण्यागोविंदाने नांदतात. गल्ली रोज संध्याकाळी तिथे जमते, माना वळवून वळवून गप्पा मारते. उपक्रम शंभर टक्के यशस्वी, असं साहेबांनी अहवालात लिहिलं, आणि त्याच दिवशी मला घरी पाठवलं.

पण माझं वाईट चाललेलं नाही. शिंप्याकडे नव्या पँटींची इतकी कामं आली, की त्याने मला काज-बटणाला ठेवून घेतलंय.

हंगामी.