नव्व्याण्णव टक्के

माणसाला राहायला घर लागतं आणि गाडीला राहायला रस्ता. घर ज्याचं त्याचं असतं. रस्ता मात्र सर्वांचा असतो, म्हणजे जो आधी गाडी लावेल त्याचा. या तत्त्वावर नाशिकच्या सिडकोतली आमची गल्ली वर्षानुवर्षं सुखाने नांदत होती. (नांदण्यावाचून इलाज नव्हता. हलायला जागा नव्हती.)

या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या चंदर आणि आशा या जोडप्याने विजेवरची मोटार घेतली. चंदरची आई, चिमणाबाई, पेठजवळच्या पाड्यावर राहते. तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशिकला आणायचं होतं आणि घाटात एसटी वळायला लागली की तिला उलट्या होतात. "आईला आपल्या गाडीतून नेणार," असं चंदर साऱ्या पाड्याला सांगून आला होता.

गाडी आली, पण ती लावायला आवार नव्हतं आणि चार्ज करायला स्वतःची भिंत नव्हती. संबंधित खात्याने ही अडचण जाणली आणि गल्लीच्या तोंडाशी चार्जिंगचा खांब उभारला. शेजारी हिरवा चौकोन आखून पाटी लावली : 'फक्त चार्जिंगसाठी. पार्किंग केल्यास गाडी उचलली जाईल.' इतकी स्वच्छ भाषा खात्याने पूर्वी कधी वापरल्याचं कुणाला आठवत नाही.

पहिल्याच संध्याकाळी चंदरने गाडी तिथे लावली. सकाळी गाडी नव्हती. उचललेल्या गाड्यांच्या मैदानावर पथकप्रमुख निवृत्ती यांनी त्याला बसायला खुर्ची दिली.

"साहेब, चार्जिंग चालू आहे तोवर ती चार्जिंगची गाडी. शंभर टक्के झाली, की नुसती उभी गाडी. उभी गाडी आम्ही उचलतो."

"अहो, पण तेव्हा मी झोपलेला असणार ना!"

"झोपा की. आम्ही जागे असतो."

यातून निघणारा निष्कर्ष चंदरने काढला. गाडी शंभर टक्के होऊच द्यायची नाही. खांबातून जेवढी वीज गाडीत येईल, तेवढी आत बसून संपवायची. नवराबायको पाळीपाळीने एसी लावून, गाणी लावून गाडीत बसू लागले. आकडा नव्व्याण्णववर स्थिर झाला. या पद्धतीत धूर होत नाही आणि गाडी कुठे जात नसल्यामुळे धूळही उडत नाही. गाडी काढली की जागा जाणार, हे उघड होतं. (गल्लीच्या पाहणीत शंभरातल्या शंभर जणांना ती जागा हवी होती. पैकी सत्त्याण्णव पेट्रोलवाले.) म्हणून चंदर कामावर रिक्षाने जाई.

आणि ऑपरेशनची तारीख आली, तेव्हा चिमणाबाई एसटीने आली.

तिने कुरकूर केली नाही. उलट दिवसा गाडीत बसण्याची पाळी तिने आपणहून घेतली. तिसऱ्या दिवशी मात्र तिने विचारलं, "एवढी चांगली गाडी. आजारी हाय का?"

"नाही आई. चार्ज होतेय."

"मग भरत कशी नाय?"

"भरू देत नाही आम्ही."

चिमणाबाई म्हणाली, "घाटात मला उलटी झाली तवा शेजारच्या बाईनं माझं डोकं धरलं. तुझी गाडी इथं गार हवा खात होती."

ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी घरी जायची परवानगी दिली आणि चंदरने खांबाची वायर काढली.

"जागा जाईल," आशा म्हणाली.

"जाऊ दे."

गाडी हलली तेव्हा गल्ली गॅलऱ्यांत जमली. दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. काळा चष्मा लावलेली चिमणाबाई पुढे बसली होती. पूर्ण घाटात तिला एकदाही उलटी झाली नाही. पाड्यावर तिने चंदरला शेवटच्या घरापर्यंत हॉर्न वाजवायला लावला आणि मग सगळा पाडा आळीपाळीने गाडीत बसला. चंदर सांगतो, इतकी हसलेली आई त्याने पाहिली नव्हती.

गल्लीत परत येईपर्यंत बॅटरी तळाला गेली. हिरव्या चौकोनात पेट्रोलची एक गाडी उभी होती. काचेवर चिठ्ठी : 'दोन मिनिटांत येतो.'

चंदरने निवृत्तींना बोलावलं. त्यांनी पाटी वाचली, चिठ्ठी वाचली.

"हे पार्किंग नाही साहेब. हे थांबणं आहे. थांबण्याबद्दल पाटीवर काही नाही."

तेव्हापासून चंदर रस्त्याच्या मधोमध बसून आहे. गाडी पुढे जात नाही, मागेही जात नाही. पेट्रोलवाल्या गाडीचा मालक सापडलेला नाही. तो जवळपासच कुठेतरी, पंख्याखाली, पाय पसरून काहीतरी हलकंफुलकं वाचत बसला असावा, असा गल्लीचा एकमुखी अंदाज आहे. त्याला फार अडकवून ठेवणं बरं नाही, म्हणून आम्ही इथेच थांबतो.

झालं ना वाचून? मग चप्पल घाला, खाली या आणि गाडी काढा.