हिरव्या साडीतली वऱ्हाडीण

टीव्हीवर अंतराळयान फुटलं, की धनराज आप्पा टाळी वाजवतात. शत्रूचं असो की आपलं, टाळी ठरलेली.

"हाऊ तोच धमाका शे, मांगला हप्ताना!" ते खुशीत सांगतात. "देख, आते डावीकडथीन पत्रा उडी." आणि डावीकडून पत्रा उडतो. मालिका हिंदी बोलणाऱ्या परग्रहवासीयांची. दर भागात यान नवं, स्फोट जुनाच.

"मग बघता कशाला?" मी वैतागून विचारतो.

"फुटनं ना पन? मानी ले ना भो!"

आप्पा नंदुरबारात लग्नाचं शूटिंग करतात. नोकरी संपवून मी त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा ते एकटेच होते. जेवलात का विचारलं, तरी "मानी ले", म्हणजे मानून घे, म्हणतात. ते जेवलेले असतात की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

भाचीच्या लग्नाचं शूटिंग मी त्यांनाच दिलं. व्हिडिओ विसरवाडीला ताईच्या घरी पोहोचला आणि तिचा फोन आला.

"हाई हिरवी साडीवाली बाई कोन शे रे? अक्षता टाकीसन हासी ऱ्हायनी."

व्याही म्हणत होते, ती तुमच्याकडची. आम्ही म्हणत होतो, तुमच्याकडची. तरी सगळे तिच्याबद्दल अदबीनेच बोलत होते. न जाणो, कुणाची आत्या निघायची!

माझं डोकं चक्रावलं. म्हणून समोरच्या घरातल्या लग्नाचा, आप्पांनीच काढलेला व्हिडिओ मागून पाहिला. तीच बाई, तीच साडी, तेच हसू.

मी तडक आप्पांचं दुकान गाठलं. "आप्पा, हा जुना तुकडा दर लग्नात चिकटवता? कापा तो. ताई ओरडतेय."

दुकानातल्या टीव्हीवर यान फुटायच्या बेतात होतं, तरी आप्पांनी टीव्ही बंद केला.

"मन्ही बायको शे," ते म्हणाले. "तिले लगीनमा जावानी भारी हौस व्हती. कोनीबी बलावो, ती तयार. आते ती नही. मी लगीनमा जास, तिले घर ठेईसन कसा जाऊ?" मग हळूच विचारलं, "कापू का?"

मला फार वाईट वाटलं. नको म्हणालो आणि ताईला फोन लावला.

"ताई, ती बाई आपलाकडनी शे. ऱ्हाऊ दे."

ताई भडकलीच. "आपलाकडनी शे, नि आहेर न लेता गयी? लोके काय म्हनतीन! मी साडी धाडस, तिले दी ये."

साडी आली. आता ती कुणाला द्यायची, म्हणून गोंधळत मी आप्पांपुढे ठेवली. मोरपंखी होती. आप्पांनी ती मांडीवर उलगडली आणि बराच वेळ तिच्यावरून हात फिरवला.

"हाऊ रंग नव्हता तिन्हाकडे," ते म्हणाले.