चौथे दार

आमच्या रंगखात्यात जांभई देण्यास मनाई होती. हा नियम गिरणीचा नव्हे, मल्लप्पा मिस्त्रींचा. चादरींचे सूत रंगवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. विष अंगात तीन दारांनी शिरते, हा त्यांचा सिद्धान्त : नाक, तोंड आणि कातडी. कोणाचा जबडा वासला की ते ओरडत, “दार लाव!” एकदा खुद्द मालकांना जांभई आली. “मालक, तुमचं बी,” मिस्त्री म्हणाले. मालकांनी तोंड मिटले.

मी त्या खात्याचा सुपरवायझर. आणीबाणीच्या आधीची गोष्ट. एका दुपारी कामगार नरसय्याने रंगाची भुकटी जोखली आणि हात न धुता तंबाखू मळली. चिमूट ओठाशी पोहोचली, तोच मिस्त्रींनी त्याच्या हातावर फटका मारला. तंबाखू उडाली, चुन्याची डबी उकळत्या हौदात गेली.

“मेलो तर मी मरीन, मिस्त्री! तुमचं काय जातंय?”

“हात धू की आदी!”

“मारता व्हय? तोंड माजं हाय!”

खाते बंद पडले. माणसे हाताची घडी घालून बसली. सूत हौदात काळवंडू लागले. मालकांनी निकाल दिला : मिस्त्रींनी माफी मागावी, अन्यथा उद्यापासून येऊ नये.

“न्हाय मागणार,” मिस्त्री म्हणाले.

समजूत घालण्यासाठी संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. ते उंबऱ्याबाहेरच थांबले. नळाखाली हात, केस, कानामागचे खळगे साबणाने घासले. कपडे बाहेरच बादलीत बुडवले. पंचा गुंडाळून त्यांनी कुलपाची किल्ली काढली.

“आत कोण असतं?” मी विचारले.

“कुनी न्हाय.”

“मग एवढं सोवळं कशाला?”

ते कुलपाशी खुडबुडत राहिले.

“माजी बायकू रुक्मी धुवायची माजे कपडे. खोकत खोकत गेली. मी तितं तीन दारं लावत बसलो, साहेब. चौथं ह्ये हुतं.” त्यांनी कडीवर हात ठेवला, कपाळ दाराला टेकवले. “आता तिचं घर हाय. रंग आत न्हेत न्हाय.”

माफीचा विषय मी काढला नाही.

सकाळी नरसय्याला चौथे दार सांगितले. त्याच्या घरी तान्हे मूल होते. तो नळाकडे गेला. मागोमाग बाकीचे उठले, हात धुऊन कामाला लागले.

मालकांनी विचारले, “मागितली माफी?”

“मागितली,” मी म्हणालो.

कोणाची, हे त्यांनी विचारले नाही.