निळ्या योजनेची ट्रायल

चपला-बुटांच्या दुकानात तीस वर्षं काढलेल्या माणसाला एक वाईट खोड लागते. समोरच्याने दोन वस्तू पुढे धरून ‘यातली कुठली घेऊ?’ असं विचारलं, की तो विचार करण्याआधी उत्तर देतो. गिऱ्हाईक घुटमळलं की हातचं गेलं, हे मला अनुभवाच्या शाळेने शिकवलंय (दुसऱ्या शाळेत मी फार दिवस टिकलो नाही). त्यामुळे मावशी दुकानात आली आणि दोन पुस्तिका माझ्या नाकासमोर धरून ‘यातली कुठली घेऊ रे?’ म्हणाली, तेव्हा मी एका बाईंच्या पायात सँडल चढवता चढवता म्हणालो, “निळी घे.”

पुस्तिका सरकारी आरोग्य विम्याच्या होत्या. पासष्टी ओलांडली की त्या घरपोच येतात. एक हिरवी योजना, एक निळी. महिनाअखेरपर्यंत एकीवर खूण करून अर्ज खिडकीवर द्यायचा. मग वर्षभर बदल नाही.

“निळीच का?” मावशीने विचारलं.

इथे मावशीबद्दल सांगायला हवं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. नोकरी संपली, पण समोरच्याला पुरतं बोलतं केल्याशिवाय लाइन सोडायची नाही ही सवय काही संपली नाही. हातात येईल ते ती वाचते. औषधाच्या बाटलीवरचं, बुटांच्या खोक्यावरचं, सगळं. सध्या मात्र एकाच डोळ्याने वाचते, कारण डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय. उजव्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी एका हळू आवाजात बोलणाऱ्या डॉक्टरांनी केलं होतं, आणि डावा डोळाही त्यांच्याच हाती द्यायचा हे तिचं ठरलेलं होतं. चुकीच्या रंगावर खूण झाली असती, तर तो डोळा वर्षभर तसाच राहिला असता. (वाचता येत नाही तेव्हा मावशी बोलते. म्हणजे माझंही काहीतरी पणाला लागलं होतं.)

‘का’ला उत्तर हवं म्हणून मी पुस्तिका उघडली. तिसऱ्या पानावर ठळक अक्षरात होतं, ‘वर्षाला एक चष्मा मोफत.’

“हे बघ. चष्मा फुकट. हिरवीत आहे का?”

“नाही. पण हिरवीत काय आहे, ते तू वाचलंस का?”

“मावशी, मी माणसाच्या टाचेकडे बघून नंबर सांगतो. विम्याचं काय घेऊन बसलीस?”

“पण बूट तू घालून बघितल्याशिवाय देत नाहीस. दारापर्यंत चालायला लावतोस. मग विमा घालून कसा बघायचा?”

तिथे मी गप्प बसलो असतो, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण सँडलवाल्या बाई ऐकत होत्या.

“त्यात काय,” मी म्हणालो. “माणूस पडला असं समजायचं, आणि योजनेच्या हेल्पलाइनला फोन लावून विचारायचं, पडल्यावर कुठे न्यायचं, तिथे कोण डॉक्टर. झाली ट्रायल.”

मावशीला कल्पना एकदम पटली. तिने पर्समधून फोन काढला. “बरं. पड.”

“मी?”

“मी पडले आणि हाड मोडलं, तर ती ट्रायल राहील का?”

बाई सँडल घेऊन गेल्यावर मी शिडी आणि काउंटर यांच्यामधे आडवा झालो. तेवढ्याने भागलं असतं, पण मी पडलो हातचं न राखता धंदा करणारा माणूस. खरं वाटावं म्हणून मी फळीवरची खोकी ओढली. दोन येतील असा अंदाज होता, आली चौदा. पैकी एक गमबुटांचं.

“आपण रांगेत आठवे आहात,” फोनमधली बाई म्हणाली.

त्याच क्षणी मास्तर आत आले. मास्तर म्हणजे शाळेत कवायत शिकवून रिटायर झालेले गृहस्थ. बूट नवा सोल लावायला टाकला होता, तो न्यायला आले होते. त्यांना दिसलं ते असं: दुकानदार उताणा, छातीवर खोकी, आणि बाजूला एक म्हातारी कानाला फोन लावून ‘थांबा’ म्हणून बोट वर करतेय.

मास्तरांनी शिट्टीच्या वेगाने ॲम्ब्युलन्स बोलावली.

“मास्तर, मला काही झालेलं नाही,” मी म्हणालो. “मी पडण्याचा सराव करतोय.”

“हलू नका,” मास्तर म्हणाले, आणि माझे दोन्ही घोटे दाबून बसले.

ॲम्ब्युलन्सच्या दोघांनाही मी हेच सांगितलं. त्यातल्या मोठ्याने धाकट्याकडे बघितलं. “डोक्याला मार आहे,” तो म्हणाला, आणि धाकट्याने माझा उजवा बूट कात्रीने कापला. (अस्सल चामडं. लेस होती हो त्याला.)

“मावशी, सांग ना यांना.”

“सातवा नंबर आलाय, आता फोन कसा ठेवू?” मग त्या मोठ्याला म्हणाली, “कुठल्या हॉस्पिटलला नेताय? निळीच्या यादीतल्या का? मग चला, मला ते बघायचंच होतं.”

आणि ती ॲम्ब्युलन्समधे माझ्याआधी बसली.

हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली. “आज वार कोणता?”

दुकानदाराला फक्त दुकान बंद असायचा वार लक्षात राहतो. मी तोच सांगितला. चुकला. चार तास देखरेखीखाली ठेवायचं ठरलं.

बायको आली. माझ्या एका बुटाकडे आणि एका मोज्याकडे बघून म्हणाली, “अहो, पडायचंच होतं तर घरी माळा आवरताना पडायचं. लोकांना सांगायला कारण तरी झालं असतं. मावशी कुठेयत?”

मावशी नव्हती. दोन तासांनी उगवली, तेव्हा तिच्या हातात आमच्या दुकानातल्या खोक्याचं झाकण होतं, आणि आतली बाजू बारीक अक्षरांनी भरलेली होती.

“तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांचा विभाग आहे,” ती माझ्या पायाशी बसत म्हणाली. “निळीत माझे डॉक्टर नाहीत. निळीवाले मोतीबिंदूसाठी इथेच पाठवतात, आणि इथे अकरा महिन्यांची रांग आहे. हिरवीत माझे डॉक्टर आहेत, फक्त आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी न्यावी लागते.”

“कोणी सांगितलं?”

“रांगेतल्या तिसऱ्या बाईंनी. त्या दहा महिने थांबल्यात. मग खिडकीत दोनदा विचारून खात्री केली.”

“आणि हेल्पलाइन?”

तिने फोन माझ्या कानाला लावला. “आपण रांगेत चौथे आहात.”

“पण मावशी, फुकट चष्मा?” मी क्षीण आवाजात म्हणालो.

“डोळाच झाला नाही, तर चष्म्यातून बघू काय?”

बायको तोंडाला पदर लावून खिडकीकडे वळली. आणि मला माझं दुकान आठवलं. जो जोड खपत नाही त्यावर आपण काय लिहितो? ‘मोजे मोफत.’ तीस वर्षं जी युक्ती मी लोकांवर केली, तिला पहिल्याच झटक्यात मी बळी पडलो होतो, आणि सोबत मावशीचा डोळाही घेऊन चाललो होतो.

“तू पडला नसतास, तर मी निळीवरच खूण केली असती हं,” मावशी माझ्या पायावर थोपटत म्हणाली. तिच्या मनात खरंच माया होती, म्हणून ते जास्त लागलं.

दोन दिवसांनी तिने हिरव्या योजनेच्या अर्जावर शिक्का मारून घेतला. चिठ्ठी मिळाली, डोळ्याची तारीखही ठरली. माझी अब्रूही तेवढ्यावर सावरली असती, पण मास्तरांनी पेन्शनरांच्या बाकावर सगळी हकीकत सांगितली होती. सोमवारी शटर वर केलं, मावशी माझ्याआधी आत शिरली, आणि वळून बघतो तर बाहेर मास्तरांच्या मागे सहा म्हातारी माणसं, प्रत्येकाच्या हातात दोन पुस्तिका.

मी स्टुलं मांडली, कॉलर नीट केली, घसा खाकरला. “या, या. आधी कोणाचं बघू?”

सगळे मला वळसा घालून आत गेले. आत मावशी ते झाकण मांडीवर घेऊन बसली होती, आणि पहिल्या आजोबांना विचारत होती, “तुमचे नेहमीचे डॉक्टर कोण? औषधं कुठली चालू आहेत? आधी ते सांगा, रंगाचं मग बघू.”

शेवटी आलेल्या आजी दारात थबकल्या. माझ्याकडे बघून त्यांनी मास्तरांना हळूच विचारलं, “हे कोण?”

“हे होय? हे पडून दाखवतात.”

आजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि स्टूल जवळ ओढलं.

“लगेच पडणार आहेत, की आधी चहा घेऊन येऊ?”