वामन मिस्त्री आणि कुंभारणीचं घर

वामन मिस्त्रीकडं गाडी नेली की आधी मालकाला शिक्षा होते. नाशिक रोडला त्याचं पत्र्याचं शेड आहे. तिथं एक लाकडी स्टूल भिंतीकडं तोंड करून ठेवलंय. मालकानं त्यावर बसायचं, गाडीकडं पाठ करून. वळून बघायचं नाही.

"माणूस खोटं बोलतो, आबा," मिस्त्री पहिल्याच दिवशी मला म्हणाला. "आणि मालक समोर असला की गाडी लाजती. तुम्ही भिंत बघा."

मी भिंत बघितली. भिंतीवर जुनं कॅलेंडर. मी चौथी शिकलेला, मला वाचायला वेळ लागतो. तरी सगळ्या एकादश्या आणि खालची सिमेंटची जाहिरात दोनदा वाचून झाली. मागून ना पान्याचा आवाज, ना हातोडीचा. मला वाटलं, झोपला का काय हा. तेवढ्यात तो म्हणाला, "बरं, मग? पुढं काय झालं?"

मी म्हटलं, "कशाचं?"

"तुम्हाला नाय विचारलं. हिला विचारलं."

ही म्हणजे माझी मोटरसायकल. हिरव्या टाकीची, तीस वर्षांची. मखमलाबादला आमची झेंडूची शेती होती. मी गाडी चालवायचो आणि माझी बायको शेवंता फुलांची पाटी मांडीवर घेऊन मागं बसायची. माघात ती गेली. मग पोरानं मला इंदिरानगरला त्याच्या फ्लॅटवर आणलं. गाडी खाली पार्किंगमध्ये उभी राहिली. पाच-सहा महिने मी तिला हात लावला नाही. एक दिवस लावला, किक मारली, चालू झाली आणि लागली तेल गळायला.

सोसायटीनं नवी फरशी बसवलेली. सेक्रेटरीबाई रोज डागाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायच्या. दोन मिस्त्र्यांनी इंजिन उघडून पॅकिंग बदललं. एकीकडं बंद केलं की दुसरीकडून गळायचं. शेवटी पोरगा म्हणाला, "आबा, रविवारी भंगारवाला येतोय. रोज लोकांचं किती ऐकून घेऊ मी?"

पोरगा वाईट नाही. पण भंगारवाला आधी सीट उचकटतो. मी पाहिलंय. त्या सीटवर शेवंता तीस वर्षं बसली होती. म्हणून शुक्रवारी मी गाडी वामन मिस्त्रीकडं आणली. रविवारच्या आत गळती थांबली नाही, तर गाडी गेली.

मिस्त्री काटकुळा माणूस. साठीचा असेल. शेडच्या मागच्या खोलीत एकटा राहतो, पण त्याला विचारा, त्याचा गोतावळा मोठा आहे. स्कूटर आली की "या मावशी." जुनी जड मोटरसायकल आली की "मामा, गुडघे दुखतात का?" नव्या गाड्या तो घेतच नाही. "ते जावई आहेत. त्यांचे मानपान कंपनीतच करा." एकदा एका पोलिसाला त्यानं स्टुलावर बसवून भिंत बघायला लावली होती म्हणतात. बसला होता म्हणे.

त्याचं एक ठरलेलं वाक्य आहे. "गळतं तिथं फुटलेलं नसतं." तेल वरून निघतं, इंजिनाच्या खाचांतून लपतछपत खाली येतं आणि भलत्याच जागी ठिबकतं. लोक ठिबकतं ती जागा बडवत बसतात.

"आबा," मागून आवाज आला, "मागं बसणारी एका अंगाला बसायची ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"डावं पायदान घासून गुळगुळीत झालंय. उजवं कोरं." मग म्हणाला, "आता येत नाय वाटतं त्या."

"मेली," मी म्हणालो.

त्यानं 'अरेरे' केलं नाही की 'चालायचंच' म्हणाला नाही. चहा मागवला आणि स्टूल धरून माझ्यासकट गाडीकडं फिरवलं. शेजारचा पंक्चरवाला ओरडला, "ओ मिस्त्री, आज सूर्य कुठून उगवला? मालकाला गाडी दाखवता?"

"तू तुझं भोक बुजव," मिस्त्री म्हणाला.

मग त्यानं रॉकेलनं इंजिन घासून धुतलं, फडक्यानं कोरडं केलं आणि खिशातून तोंडाला लावायच्या पावडरचा डबा काढला. सगळ्या इंजिनाला पावडर लावली, लग्नाला निघालेल्या नवरीला लावावी तशी. "आता कुठून घाम फुटतो ते दिसंल." सगळ्या शेडात पावडरीचा वास सुटला. शेवंता लग्नकार्याला निघताना घरात असाच वास यायचा. मी उगाच नाक शिंकरलं.

शनिवारी सकाळी मी परत गेलो. इंजिन चालू करून आम्ही दोघं उकिडवे बसलो. पांढऱ्या पावडरीवर एक काळी रेघ उतरली. मग दुसरी. मग तिसरी, पार दुसऱ्या बाजूला.

"तीन जागा एकदम?" मिस्त्री उठून उभा राहिला. "हिचा श्वास कोंडलाय, आबा."

इंजिनाला आतली वाफ बाहेर सोडायला एक रबरी पाईप असतो, मागं खाली लोंबतो. तो बंद झाला तर आत दाब साठतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. मिस्त्रीनं पाईप काढून उजेडात धरला. तोंडाला मातीचं बूच बसलेलं, गोल, गुळगुळीत. कुंभारणीचं घर. ती माशी ओली माती तोंडानं आणून घर बांधते ना, तिचं. पाच-सहा महिने गाडी उभी होती, तेवढ्यात तिनं जागा धरली.

"घाल तार आणि कर मोकळं," मी म्हणालो. "दोन मिनिटांचं काम."

मिस्त्रीनं पाईप कानाला लावला. "आत जीव असंल."

"अरे माशी आहे ती!"

"माशीच. मी इंजिनं फोडतो, घरं नाय फोडत."

"उद्या भंगारवाला येतोय माझ्याकडं! दुसरी एखादी नळी लाव मग."

"साधी नळी तापल्या तेलानं मऊ पडती. आणि हिचा पाईप आता दुकानात मिळत नाय."

मी त्याला शिवी दिली. चांगली मोठी दिली. तो मग शेडच्या कोपऱ्यात गेला. तिथं चादरीखाली काहीतरी झाकलेलं होतं. चादर काढली तर खाली माझ्या गाडीसारखीच मोटरसायकल, तेच मॉडेल, टाकी लाल. आरशासारखी चकचकीत.

"कुणाची ही?"

"थोरल्या भावाची. शेड दोघांचं होतं." पाना लावून तो तिचा पाईप सोडवायला बसला. "चौदा वर्षांपूर्वी गिऱ्हाईक बघत उभं होतं अन् मी भावाच्या तोंडावर बोललो, तुझ्या हातात कला नाय. त्यानं पाना खाली ठेवला अन् चालत गेला. गाडी पण नेली नाय. सुरगाण्याला सासुरवाडीत असतो, जीप चालवतो. मी दर रविवारी हिला चालू करतो. आला तर एका किकमध्ये चालू झाली पाहिजे."

भावाच्या गाडीचा पाईप त्यानं माझ्या गाडीला बसवला. कुंभारणीचा पाईप खिडकीच्या गजाला टांगला, उन्हात नाही आणि पावसातही नाही असा.

रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. भंगारवाला आला, पोरगा खाली आला, सेक्रेटरीबाईही आल्या. अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. पोरानं वाकून कागद ओढला. कोरा. त्यानं उलटा करून पाहिला, मग भंगारवाल्याला म्हणाला, "घरी जुना कूलर आहे, तो घेऊन जा."

तिसऱ्या आठवड्यात मिस्त्रीचा फोन आला. तो कुणाला फोन करत नाही.

"आबा, गेली."

"कोण?"

"कुंभारणीची पोर. भोक पाडून बाहेर आली, पत्र्यावर बसून पंख वाळवले अन् गेली." मग म्हणाला, "कुणाला सांगावं कळंना. म्हणून तुम्हाला लावला."

मी गाडी काढून गेलो. माझा पाईप धुऊन त्यानं भावाच्या गाडीला बसवला होता. किक मारली, एका किकमध्ये चालू. तो बंद करायला वाकला.

"बंद करू नको," मी म्हणालो. "सुरगाणा किती लांब?"

"खुळे झाले का, आबा? चौदा वर्षं झाली. तोंड बघणार नाय तो माझं."

"नाही बघितलं तर गाडी त्याच्या दारात उभी कर आणि माझ्या मागं बसून ये. शेवंताशी माझं शेवटचं बोलणं काय झालं माहीत आहे? चहात साखर जास्त झाली म्हणून ओरडलो. आता मी कुठं जाऊ गाडी घेऊन? तुझा भाऊ जिता आहे."

तो फडक्याला हात पुसत राहिला. हात कधीच कोरडे झाले होते. मग त्यानं चादरीची घडी घातली, शेडला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि लाल गाडीवर बसला. मी हातानं खूण केली, चल पुढं.

तो हलेना.

"आबा," म्हणाला, "रस्ता मला पाठ आहे. पण तुम्ही पुढं राहा."